संगम आणि सोंग

तापी आणि गोमाई या दोन नद्या जेथें एकमेकींस मिळतात, तेथें प्रकाशा हें गांव वसलेलें आहे. हल्लींच्या नंदुरबार जिल्ह्यांतील शहादे तालुक्यांत तें मोडतें. १९९८ सालीं हा जिल्हा वेगळा होईपर्यंत तें धुळें जिल्ह्यांत होतें. या क्षेत्रास लोक दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशीं देवालयें येथें आहेत. काशीची यात्रा करून आलेल्या भाविकानें प्रकाशास येऊन दर्शन घेतल्यावांचून ती यात्रा पुरी होत नाहीं, अशी या भागांतील श्रद्धा आहे. आणि गुरु सिंह राशीस आला म्हणजे बारा वर्षांनीं गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या वतीनें श्री. थापर यांनीं येथील पांढरींत उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक रचलेले आढळून आले. सारांश, जुन्यावर नवें रचीत जाणें ही गोष्ट या गांवास अपरिचित नाहीं.

अशा गांवीं एका स्नेह्याच्या घरीं आम्ही कांहीं दिवस राहिलों असतां जो एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला, त्याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. प्रश्न वरकरणीं क्षुल्लक आहे. तो एका आवाज मोठा करणाऱ्या पेटीसंबंधीं आहे. परंतु पुष्कळदां मोठे प्रश्न अशा लहान वस्तूंच्या पाठीमागें दबा धरून बसलेले असतात, आणि आपण त्यांच्या अंगावर पाय देईपर्यंत ते हालत नाहींत.

आमच्या स्नेह्याचे वडील गांवांतील भजनी मंडळांत गात असत, आणि मंडळाचा ध्वनिवर्धक, म्हणजे लोक ज्यास अँप्लिफायर म्हणतात तें यंत्र, त्यांच्याच ताब्यांत असे. यंत्र मूळचें व्हॉल्व्हचें होतें. पुढें त्याचे मोठे व्हॉल्व्ह निकामी झाले, आणि त्यांच्या पाठीमागचा ट्रान्सफॉर्मरही जळाला. तेव्हां त्या गृहस्थांनीं यंत्र भंगारांत न घालतां स्वतः तें नव्यानें जुळविलें. पुढचा लहान व्हॉल्व्ह होता तसा ठेवला, आणि मागच्या बाजूस ट्रान्झिस्टर बसविले. असें अर्धें जुनें व अर्धें नवें झालेलें तें यंत्र मंडळानें नवीन सामान घेतल्यावर त्यांच्याच घरीं राहिलें. आज ते गृहस्थ हयात नाहींत. परंतु त्यांनीं गायिलेल्या अभंगांच्या कांहीं ध्वनिफिती शिल्लक आहेत, आणि रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर आमच्या स्नेह्याच्या मातुश्री त्यांपैकीं एक त्याच यंत्रावर लावावयास सांगतात.

पहिल्याच सायंकाळीं आम्ही तें ऐकलें. पेटीच्या जाळींतून त्या लहानशा व्हॉल्व्हचा तांबूस प्रकाश दिसत होता. अभंग संपल्यावर आम्ही मातुश्रींच्या देखत मोठ्या जाणतेपणानें म्हणालों, “व्हॉल्व्हच्या आवाजाचा गोडवा कांहीं निराळाच !” मातुश्रींच्या मुखावर समाधान दिसलें. स्नेही मात्र खालीं पाहूं लागले. रात्रीं ओट्यावर बसलों असतां त्यांनीं आम्हांस खरा प्रकार सांगितला. तो व्हॉल्व्ह वर्षापूर्वींच निरुपयोगी झाला होता. त्यांतील तार अजून तापते, म्हणून उजेड दिसतो. पण ज्या कामासाठीं ती तापावयाची तें काम होत नाहीं. तेव्हां त्यांनीं त्यास वळसा घालून एक ट्रान्झिस्टर बसविला, व्हॉल्व्ह तसाच जळत ठेविला, आणि आईस कांहींच सांगितलें नाहीं. “आतां तूंच सांग,” ते म्हणाले, “मीं हें वाईट केलें काय ?”

आमच्या जाणतेपणाची त्या रात्रीं जी फजिती झाली ती झालीच. परंतु प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. तें कां देतां आलें नाहीं हें कळण्यास या यंत्रांत काय चालतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

१९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं दोन अग्रांची निर्वात नळी सिद्ध केली. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं तींत तिसरें अग्र, एक बारीक जाळी, घातलें. नळींतील तापलेल्या भागापासून विद्युत्कण निघून समोरच्या पत्र्याकडे धांवतात; मधल्या जाळीवर किंचित् विद्युद्दाब कमीजास्त केला कीं हा प्रवाह पुष्कळ कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशीं असलेली लहानशी फळी लहान मुलानें हलविली तरी शेताकडे जाणारें पाणी जसें वाढतें किंवा थांबतें, तसेंच हें आहे. व्हॉल्व्ह म्हणजे झडप; नांव सार्थ आहे. पुढें १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली या तिघांस त्याबद्दल १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्रान्झिस्टर झडपेचेंच काम करतो. परंतु त्यास पोकळी नको, तापविणें नको, शेंकडों व्होल्टांचा दाब नको.

या दोघांचे स्वभाव मात्र भिन्न आहेत. व्हॉल्व्हजवळ दाब पुष्कळ, पण प्रवाह थोडा. ध्वनिक्षेपकास, म्हणजे कर्ण्यास, याच्या उलट हवें असतें. आठ ओहमच्या कर्ण्यांत सोळा वॉट शक्ति ओतावयाची तर दाब अकरा-साडेअकरा व्होल्ट पुरतो, पण प्रवाह जवळजवळ दीड अँपिअर लागतो. मोठ्या व्हॉल्व्हांची सामान्य जोडी अँपिअरच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजावा असा प्रवाह देते. म्हणून दोहोंच्या मध्यें ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. त्याच्या एका बाजूस दुसरीच्या सुमारें बत्तीसपट वेढे असतात, आणि तो दाब उतरवून प्रवाह वाढवितो. हा ट्रान्सफॉर्मर जड, महाग, आणि चांगला गुंडाळणें कठीण. ट्रान्झिस्टरजवळ प्रवाहाची समृद्धि असल्यामुळें तो कर्ण्यास सरळ हांकूं शकतो. तेव्हां पुढें व्हॉल्व्हनें बारीक आवाजाचा विद्युद्दाब वाढवावा, आणि मागें ट्रान्झिस्टरनें तोच दाब तसाच ठेवून त्यास प्रवाहाचें बळ द्यावें, अशी वांटणी सुचणें स्वाभाविक होतें. एक आकार देतो, दुसरा बळ देतो. संकर यंत्राचें तत्त्व एवढेंच.

असा संकर प्रथम हौसेनें झाला नाहीं, गरजेनें झाला. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील मोटारींत बसविण्याच्या रेडिओंत तो आढळतो. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टांची. व्हॉल्व्हांस शेंकडों व्होल्ट हवेत. तो दाब उत्पन्न करण्यास जी थरथरती कळ लागे ती वारंवार बिघडत असे. मग बाराच व्होल्टांवर चालतील असे व्हॉल्व्ह काढले; पण त्यांच्यानें कर्णा हांकवेना. म्हणून शेवटच्या टप्प्यास जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर जोडला. जे करूं शकत होते त्यांनीं तें करावें, जें त्यांस जमत नव्हतें तें दुसऱ्यानें करावें. पुढें ट्रान्झिस्टर सर्वगुणसंपन्न झाले, आणि कांहीं वर्षांत मोटारींतील व्हॉल्व्ह नाहींसे झाले. अमेरिकेंतच १९७४ च्या सुमारास गिटारवाल्यांसाठीं म्युझिक मॅन नांवाचीं जीं यंत्रें निघालीं, त्यांत जोडी उलटी होती. पुढें ट्रान्झिस्टर, मागें व्हॉल्व्ह. यावरून ध्यानांत येईल कीं जुन्यानें पुढें असावें कीं मागें, असा कांहीं सनातन नियम नाहीं. कोणतें काम कोणास जमतें एवढाच प्रश्न आहे.

आतां गोडव्याकडे वळूं. व्हॉल्व्ह जो गोडवा देतो असें म्हणतात, तो गोडवा शास्त्रज्ञांच्या मोजमापांत दोष म्हणून लिहिला जातो. एकेरी व्हॉल्व्हमधून स्वर जातांना मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा एक बारीक स्वर त्यांत मिसळतो. षड्जाची कंपनसंख्या २४० धरली, तर हा आगंतुक ४८० चा, म्हणजे तार षड्ज होय. तो षड्जाशीं इतका मिळून जातो कीं थोडा असला तर बहुतेकांच्या कानांस तो निराळा म्हणून उमगतही नाहीं. आवाज भरीव मात्र वाटतो. उलट सुरुवातीच्या कांहीं ट्रान्झिस्टर यंत्रांत दोन ट्रान्झिस्टरांच्या पाळ्या बदलतांना सांध्याशीं खंड पडे, आणि त्यामुळें उंच, विषम पटींचे कर्कश स्वर उत्पन्न होत. ट्रान्झिस्टर म्हणजे रूक्ष हा लौकिक तेव्हांचा आहे. तो दोष पुढें निघाला, लौकिक राहिला.

येथें कोणी म्हणेल कीं मुळांत नसलेला स्वर मिसळणें ही लबाडी नव्हे काय ? या आक्षेपास आपल्याच संगीतांत एक उत्तर आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतों. मिरजेच्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची कीर्ति भोपळ्याइतकीच या जवारीवर उभी आहे. साध्या तारेस जे उपस्वर देतां येऊं नयेत, तेही या रुंद, वाटोळ्या घोडीमुळें ऐकूं येतात, असें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवरील निबंधांत दाखवून दिलें आहे. मग मिरजेचा कारागीर लबाड आणि तंबोरा खोटा, असें कोणी म्हणतें काय ? उलट जवारी नसलेला तंबोरा हा तंबोराच नव्हे, असें आपण म्हणतों.

परंतु हें उत्तर पुरें पडत नाहीं. तंबोरा हा गायक आहे, आणि ध्वनिवर्धक हा दूत आहे. गायकानें आपलें कांहीं घालावें यासाठींच त्यास बोलावलेलें असतें. दुतानें मात्र निरोप जसाच्या तसा पोंचवावा. निरोप गोड करून सांगणारा दूत प्रियभाषी असेल, विश्वासू नव्हे. यावर पुन्हां असें म्हणतां येईल कीं ध्वनिवर्धक नेहमीं दूतच असतो असें नाहीं. विजेच्या गिटारीच्या बाबतींत वादक जाणूनबुजून व्हॉल्व्हवर ताण देऊन त्याचा आवाज फाडतो, आणि तें फाटणें हाच त्याच्या वादनाचा रंग असतो. तेथें ध्वनिवर्धक वाद्याचाच भाग झालेला असतो. तोच विकार येथें गुण, आणि कीर्तनकाराच्या आवाजांत दोष. तेव्हां खरेंखोटें हें मिसळलेल्या स्वरांत शोधून सांपडावयाचें नाहीं. यंत्र कोणत्या नात्यानें उभें केलें आहे, आणि त्याच्याविषयीं आपण काय सांगतों, यांत तें शोधलें पाहिजे. “मला हा रंग आवडतो, म्हणून मीं हें यंत्र घेतलें,” असें म्हणणारा खरें बोलतो. “मूळ आवाज असाच होता,” असें म्हणणारा चुकतो. आणि चूक ठाऊक असून जो तसें म्हणतो, तो खोटें बोलतो. सत्याची जबाबदारी यंत्रावर ढकलतां येत नाहीं. ती बोलणाऱ्याच्याच माथीं राहते.

इतका विचार झाल्यावर आमच्या स्नेह्यांची बाजू प्रथमदर्शनीं बळकट वाटूं लागली. त्यांनीं कांहीं विकलें नव्हतें. मातुश्रींनीं कधीं विचारलें नव्हतें, म्हणून खोटेंही सांगितलें नव्हतें. आवाजांत फरक पडला म्हणावें, तर तो कोणासही जाणवला नाहीं. आमच्यासारख्या आगंतुक रसिकानें तर उलट प्रशस्तिपत्रच दिलें. आणि यांत आम्ही एकटे नाहीं. १९७८ सालीं वायरलेस वर्ल्ड या इंग्रजी मासिकांत जेम्स मॉयर यांनीं एका परीक्षेची हकीकत प्रसिद्ध केली. क्वाड या एकाच कंपनीचीं तीन यंत्रें, एक व्हॉल्व्हचें व दोन ट्रान्झिस्टरचीं, आवाज समान राखून आणि कोणतें वाजत आहे हें न सांगतां श्रोत्यांस ऐकविलीं. त्यांच्या उत्तरांतून त्यांना भेद ओळखतां येतो असें निष्पन्न झालें नाहीं. चांगल्या रीतीनें बांधलेल्या आणि मर्यादेंत चालविलेल्या यंत्रांचें हें असेंच आहे. डोळ्यांस उजेड दिसला कीं कानास ऊब लागते, एवढें मात्र आम्ही स्वानुभवावरून सांगूं शकतों. मग ज्या उजेडानें एका वृद्ध विधवेस समाधान वाटतें, तो मालवून कोणतें पुण्य जोडावयाचें ?

त्या रात्रीं आम्हीही स्नेह्यांस असेंच कांहींसें म्हणालों, आणि झोपावयास गेलों. झोप मात्र लागली नाहीं. कोठें तरी हिशेब चुकला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही संगमावर गेलों. बंधाऱ्यामुळें तापीचें पाणी आतां तुंबून राहतें. सातपुड्यांतून आलेली गोमाई तिला मिळते, आणि पुढें सुरतेपर्यंत नांव चालतें तें तापीचें. गोमाईचें नांव गेलें म्हणून कोणी तिची कींव करीत नाहीं. कारण तिचें पाणी तर पुढें जातच असतें. याच्या उलट कल्पना करून पाहावी. गोमाई आटली आहे, तिचा एक थेंबही तापींत पडत नाहीं, तथापि कांठावर तिच्या नांवाची पाटी आहे, घाटावर तिची आरती होत आहे, आणि येणाऱ्या यात्रेकरूस आपण सांगत आहों कीं हा पाहा संगम. त्यास संगम म्हणतां येईल काय ? जेथें दोन्हीकडचें पाणी वाहतें तो संगम, मग नांव कोणाचेंही राहो. जेथें एकाचें पाणी आणि दुसऱ्याची नुसती पाटी, तें सोंग. आमच्या स्नेह्यांच्या वडिलांनीं केला तो संगम होता. जुना व्हॉल्व्ह त्यांत खरोखर राबत होता. चिरंजीवांच्या हातून झालें तें सोंग होतें. व्हॉल्व्ह नुसता जळत होता.

या दृष्टीनें पाहूं लागल्यावर आम्हांस आमच्या सुशिक्षित पांढरपेशा घरांतून असे जळते व्हॉल्व्ह जागोजाग दिसूं लागले. दिवाणखान्यांत आजोबांचे ग्रंथ कांचेच्या कपाटांत मांडलेले असतात; पाहुण्यांस ते दिसतात, पण त्यांचीं पानें दोन पिढ्यांत कोणी उलटलेलीं नसतात. घराच्या पाटीवर मराठी नांव झळकतें, आणि उंबऱ्याच्या आंत मुलांशीं मराठींत बोलण्याची लाज वाटते. लग्नपत्रिकेंत सर्वांत वर घरांतील वडील माणसाचें नांव छापलेलें असतें. परंतु स्थळ, मुहूर्त, खर्च हें सारें ठरून गेल्यावर त्यांस सांगितलें जातें, आणि तेंही त्यांनीं मान डोलवावी एवढ्यापुरतें. आपण म्हणतों कीं आमच्या घरांत जुन्याचा आणि नव्याचा सुंदर मेळ आहे. मेळ असतो तो उजेडापुरता. आवाज केव्हांच दुसऱ्या वाटेनें गेलेला असतो. बाजारांतील कांहीं स्वस्त यंत्रांत तर व्हॉल्व्हचा उजेडही व्हॉल्व्हचा नसतो. खालीं एक लहानसा रंगीत दिवा लाविलेला असतो. असे दिवेही आम्हीं समारंभांतून पुष्कळ पाहिले आहेत.

आणि येथेंच आदल्या रात्रीं चुकलेला हिशेब आमच्या ध्यानांत आला. आम्ही दोघे विद्वान् मातुश्रींच्या समाधानाचा विचार करीत होतों. परंतु मातुश्रींचें मत घ्यावें असें दोघांसही सुचलें नव्हतें. यंत्र त्यांच्या पतीचें, आवाज त्यांच्या पतीचा, ऐकणार त्या. आणि त्यांस काय कळवावें हें मात्र ओट्यावर बसून आम्हीं ठरविलें. “त्यांस वाईट वाटेल” या सबबीखालीं त्यांस वळसा घालून आम्ही पुढें गेलों. म्हणजे त्या मृत व्हॉल्व्हची जी स्थिति चिरंजीवांनीं केली, तीच स्थिति त्यांच्या जिवंत मातुश्रींची आम्ही दोघांनीं केली होती. मान जागच्या जागीं, उजेड जागच्या जागीं, पण घरांतल्या कारभाराचा प्रवाह त्यांच्यामधून जाईनासा झालेला. दयाबुद्धीनें केलेल्या लपंडावांत अपमान असतो तो हाच. ज्याच्यापासून आपण सत्य लपवितों, त्यास आपण दुःखापासून वांचवितों असें आपल्यास वाटतें. वस्तुतः त्यास निर्णयापासून वगळीत असतों. दुःख सोसण्याचा अधिकार हाही माणसाचा अधिकार आहे, आणि वृद्धांपासून तो सर्वांत आधीं काढून घेतला जातो.

याचा अर्थ सत्य कोठेंही, कसेंही, कोणाच्याही तोंडावर फेंकावें असा आम्ही करीत नाहीं. ज्यास ऐकण्याचें त्राण नाहीं अशा आजाऱ्यापाशीं वेळ पाहून बोलावें, हें कोणीही कबूल करील. परंतु आमच्या मातुश्री आजारी नव्हत्या, भोळ्या नव्हत्या. घरची शेती आणि देणेंघेणें त्यांच्या जिभेवर होतें. त्यांस सोसणार नाहीं असें जें आम्हांस वाटलें, तें त्यांच्या दुबळेपणामुळें नव्हे. सांगतांना आम्हांस जी अडचण वाटली असती तिच्यामुळें. चिरंजीवांस वर्षभर गप्प राहिल्याची कबुली द्यावी लागली असती, आणि आम्हांस आपली रसिकता उघडी पडलेली पाहावी लागली असती. दुसऱ्याच्या दुःखाच्या नांवाखालीं स्वतःचा संकोच झांकण्याची ही युक्ति इतकी अंगवळणी पडलेली असते, कीं ती करतांना आपण चांगुलपणा करीत आहों असेंच आपणांस वाटतें.

आम्हीं परत येऊन स्नेह्यांस हें सांगितलें. त्यांनीं थोडा वेळ विचार केला आणि सायंकाळीं, ध्वनिफीत लावण्यापूर्वीं, आईजवळ जाऊन बसले. “माय, एक सांगावयाचें राहून गेलें,” असा आरंभ करून त्यांनीं सर्व कांहीं सांगितलें. आमच्या अभिप्रायाचा भाग त्यांनीं गाळला. तो आम्हींच पुरा केला.

मातुश्री कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें कीं या पेटींत त्यांच्या वेळचें आतां काय राहिलें आहे ? चिरंजीवांनीं एकेक दाखविलें: ही लोखंडी पेटी, हा आवाज कमीजास्त करण्याचा गोल खुंटा, वीज आंत घेणारा हा जड ट्रान्सफॉर्मर, मागचे ट्रान्झिस्टर व त्यांचे हातानें दिलेले डाग. मातुश्रींनीं त्या खुंट्यावर बोट ठेविलें. त्यानंतर आपल्या खानदेशी बोलींत त्या जें म्हणाल्या त्याचा भावार्थ असा, कीं मग तो दिवा काढून टाक. काम करीत नसेल तर वीज फुकट कशास जाळावयाची? आणि पुढें असेंही म्हणाल्या कीं त्यांना, म्हणजे पतीस, फुकट जळणारा दिवा कधीं खपला नाहीं.

आम्हीं ज्या आघाताच्या भीतीनें रात्रभर तळमळलों, तो असा वीजबिलाच्या वाटेनें निघून गेला. दुःख झालें नसेल असें आम्ही म्हणत नाहीं; त्या सायंकाळीं ध्वनिफीत लागली नाहीं, दुसऱ्याही दिवशीं लागली नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यांनींच ती लावावयास सांगितली. जाळीमागें आतां अंधार होता. आवाज तोच होता. निदान आम्हांस तसा वाटला. मात्र आमच्या वाटण्यास आतां त्या घरांत फारसा भाव राहिला नव्हता, हेंही नमूद केलें पाहिजे.

पुढें स्नेह्यांनीं मुंबईहून तसाच एक व्हॉल्व्ह मागविला. हे व्हॉल्व्ह अद्यापि तयार होतात. रशियांत, स्लोव्हाकियांत, चीनमध्यें त्यांचे कारखाने चालू आहेत. तो बसविण्यापूर्वीं त्यांनीं आईस विचारलें. कानास फरक कळणार नसेल तर हा खर्च कशास, असा प्रश्न तेथेंही निघाला, आणि तो अगदीं रास्त होता. त्यावर मातुश्रींनीं एवढेंच विचारलें कीं हा काम करील ना ? करील असें कळल्यावर त्यांनीं बसवावयास सांगितलें. त्यांस गोडवा नको होता. यजमानांनीं जी कामाची वांटणी करून ठेविली होती ती पुन्हां चालू व्हावी, एवढेंच हवें होतें. हौसेपोटीं जुन्यास काम देणें आणि मानापोटीं जुन्यास नुसतें मिरविणें, यांतील अंतर त्यांस आमच्याहून स्पष्ट कळत होतें.

जुन्या-नव्याच्या वादांत आपल्याकडे शाई पुष्कळ खर्ची पडली आहे. एक पक्ष म्हणतो जुनें तें सोनें. दुसरा म्हणतो जुनें तें ओझें. आणि दोहोंस थकलेला तिसरा पक्ष समन्वयाची घोषणा करून मोकळा होतो. आम्हांस या तिसऱ्या पक्षाविषयींच अधिक सावध राहावेंसें वाटतें, कारण आम्ही स्वतः त्याच पक्षाचे आहों. समन्वय झाला असें कोणी सांगूं लागल्यास त्यास दोन साधे प्रश्न विचारावेत. या जोडींत जुनें नेमकें कोणतें काम करीत आहे ? आणि तें उद्यां काढून घेतलें तर काय बंद पडेल ? कांहींच बंद पडणार नसेल, तर त्यास प्रेमानें बाजूस काढून ठेवावें, आठवण म्हणून कपाटांत जपावें. त्यांत अनादर नाहीं. किंवा पुन्हां त्यास काम द्यावें. तो त्याहून मोठा आदर. परंतु तें काम करीत आहे असें भासवून त्यास जळत ठेवणें, हा मात्र त्याचाही उपमर्द, आणि पाहणाऱ्याचाही.

आणि हे दोन प्रश्न यंत्रांपुरते ठेवूं नयेत. घरांतील ज्या माणसास आपण दिवाणखान्यांत मानानें बसविलें आहे, त्याच्या बाबतींत ते आधीं विचारावेत. फरक एवढाच, कीं तेथें उत्तर आपण ओट्यावर बसून द्यावयाचें नाहीं. त्यासच जाऊन विचारावयाचें.